नव्या फोनचं भाकीत आणि सीमेवरची रेंज

पुढच्या फोनमध्ये काय येणार, याची चर्चा आता तो फोन येण्याच्या वर्षभर आधीच सुरू होते. जानेवारी-फेब्रुवारीत सॅमसंगचं महागडं मॉडेल बाजारात येतं आणि त्याच्या पेट्या फुटायच्या आत पुढच्या मॉडेलच्या कॅमेऱ्याचे आकडे फिरू लागतात. सप्टेंबरात आयफोनचं तेच. या सगळ्याला पोरखेळ म्हणून नाक मुरडणारे लोक आहेत, मी त्यांतला नाही. मला हे वाचायला आवडतं. शिवाय अंदाज बांधण्यात आम्हा सीमाभागातल्यांचा हात कोण धरणार? महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा घातला, तेव्हापासून पुढच्या तारखेला काय होणार यावर बेळगावच्या कट्ट्यांवर भाकितं चालूच आहेत. त्या मानाने फोनवाल्यांची भाकितं पुष्कळच खरी ठरतात.

ती खरी का ठरतात, ते बघण्यासारखं आहे. २०१० साली कॅलिफोर्नियात ॲपलचा एक इंजिनिअर न आलेला आयफोन ४ बारमध्ये विसरला आणि जगभर बोभाटा झाला. तेव्हा ती खरोखरची चूक होती. आता चूक व्हायची गरज उरलेली नाही. भारतात फोन विकायचा तर आधी भारतीय मानक ब्युरोकडे, म्हणजे बीआयएसकडे नोंदणी करावी लागते, आणि त्या नोंदीत मॉडेलचा नंबर दिसतो. चीनमध्ये, अमेरिकेत अशीच सरकारी दप्तरं आहेत. ज्याला ती चाळायची सवय आहे त्याला फोन येतोय हे कळतं. कव्हरवाल्यांचं तर पोटच यावर. फोन विक्रीला लागेल त्या दिवशी कव्हर दुकानात टांगलेलं पाहिजे, म्हणून लांबी-रुंदी आणि कॅमेऱ्याची भोकं ते कुठून ना कुठून आधी मिळवतात. २०११ साली निमुळत्या पाठीचा आयफोन ५ येणार अशी हवा झाली, काहींनी त्या मापाची कव्हरं बनवूनही ठेवली, आणि ऑक्टोबरात आला तो जुन्याच अंगाचा ४ एस. असे फटके आता क्वचित बसतात. २०१९ च्या जूनमध्ये तर गूगलने पिक्सेल ४ च्या पाठीचं चित्र स्वतःच जाहीर करून टाकलं. फोन बाजारात यायला ऑक्टोबर उजाडायचा होता.

म्हणजे ज्याला आपण लीक म्हणतो त्यातलं काही सरकारी दप्तरातून येतं, काही कव्हरवाल्यांकडून, आणि बरंचसं असं की जे फुटलं तर कंपनीला हवंच असतं. रंग, जाडी, मेगापिक्सेल, बॅटरीचा आकडा. माझी तक्रार हे अंदाज चुकतात अशी नाही. आमच्या भागात फोन कामाचा ठरतो की नाही हे ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्या गोष्टींबद्दल कोणी अंदाजच बांधत नाही, ही आहे. मराठीतून फोनची माहिती देणारेही ते प्रश्न विचारत नाहीत. इंग्रजीत आलेलं तेवढं उतरवून काढतात आणि खाली विचारतात, तुम्हाला कोणता रंग आवडला?

भाषेचंच घ्या. बोलता बोलता फोन समोरच्याचं बोलणं आपल्या भाषेत करून देणार, याचं सूतोवाच सॅमसंगने २०२३ च्या नोव्हेंबरात केलं. जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ आला, सोय खरंच होती. सुरुवातीला १३ भाषा होत्या. त्यात पोलिश होती, थाई होती, व्हिएतनामी होती. आपल्याकडची एकटी हिंदी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख आणि कन्नड सांगणारे ४ कोटी ३७ लाख आहेत, पोलंडची अख्खी लोकसंख्या चार कोटींच्या आत. महागडे फोन कुठे जास्त खपतात त्या हिशेबाने यादी लागते, हे मला कळतं. पण फोन येण्याआधी दोन महिने एवढं चर्वितचर्वण झालं, त्यात ‘कोणत्या भाषा?’ हा साधा प्रश्न आपल्याकडून जोरात विचारला गेला नाही. जमत नाही म्हणावं तर गूगलने त्याच वर्षी जूनमध्ये जेमिनी या एआय मदतनिसाचं ॲप भारतात आणताना नऊ भारतीय भाषा घेतल्या, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही होत्या.

हा प्रश्न इथे हौसेचा नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका घरी मी तो अगदी जवळून पाहिलाय. ‘भूमी’ योजनेत कर्नाटकातले जमिनीचे उतारे संगणकावर गेले, ते कन्नडमध्ये. घरातले काका मराठी शाळेत शिकलेले, उतारा हातात घेऊन बसलेले. नातवाने फोनचा कॅमेरा त्यावर धरला. सर्व्हे नंबर, हिस्सा, एकर-गुंठे ठीक आले. मालकाच्या रकान्यात मात्र फोनने आडनावाचे दोन तुकडे केले आणि एका तुकड्याचा अर्थ लावून मोकळा झाला. काकांना बघायचं होतं ते शेवटच्या रकान्यातलं. सोसायटीचं कर्ज फेडून झालं होतं, बोजा उतरला की नाही? नेमकं तिथलं वाक्य अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आणि मधे एक इंग्रजी शब्द. ‘ह्यात बोजा हाय का न्हाई तेवढं सांग की बाळ्या,’ काका तीन-तीनदा विचारत होते आणि बाळ्या फोन वर-खाली करत होता. शेवटी शेजारची कानडी शाळेत जाणारी मुलगी आली, तिने एका दमात वाचलं. बोजा उतरला होता.

फोन नवाच होता, कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा. कागदावरचं अक्षर न् अक्षर दिसत होतं. पुढच्या मॉडेलमध्ये तो २०० मेगापिक्सेल झाला तरी काकांचा बोजा त्याला वाचता येणार नाही, कारण अडतंय ते काचेपाशी नाही.

हे रडगाणं एकट्या मराठी माणसाचं आहे असं समजू नका. पलीकडे जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापुरात घरी कानडी बोलणारे शेतकरी आहेत, त्यांच्या हातात मराठी सातबारा असतो. केरळात कासरगोडला कन्नड माणसापुढे मल्याळी कागद येतो. दोन भाषांच्या सांध्यावर जगणारी माणसं या देशात इतकी आहेत की, त्यांना ‘छोटं मार्केट’ म्हणून बाजूला सारणं धंद्याच्या हिशेबानेही शहाणपणाचं वाटत नाही. सरकारच्याही हे पुरतं लक्षात आलेलं नाही. केंद्राने २०१६ साली आदेश काढला की, देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर बावीसही अधिकृत भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एक भारतीय भाषा लिहिता आली पाहिजे. आदेश चांगलाच होता. पण ‘आणखी किमान एक’ म्हटलं की इथे घोडं पेंड खातं. पुण्याला एक पुरते, कर्नाटकातल्या हासनला एक पुरते. बेळगावात दुकानाचा हिशेब मराठीत, तहसीलदाराला अर्ज कन्नडमध्ये. अँड्रॉइडच्या कृपेने आज दोन्ही कीबोर्ड मिळतात, ते त्या आदेशाने सक्तीचे केलेले नाहीत.

दुसरी गोष्ट सिमची. येत्या फोनांबद्दल एक भाकीत हल्ली ठामपणे केलं जातं: सिमचा ट्रे जाणार. त्यात नवल नाही, अमेरिकेत २०२२ च्या आयफोन १४ पासूनच ट्रे गेलाय आणि २०२५ चा आयफोन एअर तर जगभर ई-सिमवरच, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या, काढता न येणाऱ्या सिमवर आला. या बातमीवर चर्चा होते ती वाचलेल्या जागेत बॅटरी किती मोठी बसेल याची. आता आमच्याकडचा हिशेब ऐका. निपाणीच्या पुढे कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र. खानापुरातून जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरला की गोवा. मोबाइलच्या नकाशात मात्र गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये, आम्ही कर्नाटकच्या. घरात बसून पलीकडचा टॉवर पकडला म्हणून रोमिंगचे पैसे कापले गेल्याच्या कहाण्या सीमेवरच्या प्रत्येक गावात आहेत. २०१५ च्या जूनमध्ये बीएसएनएलने रोमिंगमध्ये येणारे कॉल फुकट केले, वर्षभराने जिओ आलं, आणि ते भांडण मिटलं. दोन सिमची सवय मात्र राहिली. एक इकडचं, एक तिकडचं, कारण कुठल्या वळणावर कुठल्या कंपनीची रेंज येईल ते इथले एसटीवालेच जाणतात.

ई-सिमवाल्या फोनमध्ये दोन नंबर राहतात, हे मला माहीत आहे. अडचण त्यापुढची आहे. घाटात फोनची बॅटरी संपली तर आज माणूस सिम काढतो आणि सोबतच्याच्या बटणांच्या फोनमध्ये घालतो. कानातल्या रिंगच्या टोकानेही ट्रे उघडतो. ई-सिम एका फोनातून दुसऱ्यात न्यायचं तर नेट पाहिजे, दुसरा फोन त्या जातीचा पाहिजे, नाहीतर कंपनीच्या दुकानात जाऊन उभं राहायला पाहिजे. ट्रे नसलेला फोन बेंगळुरूत चालेल. कणकुंबीच्या माणसाने तो घेण्याआधी दहादा विचार करावा, असं मी म्हणेन, आणि असं कोणीतरी फोन येण्याच्या आधी मराठीत लिहायला पाहिजे.

रेंजवरून उपग्रहाची गोष्ट आठवली. टॉवर नसेल तिथून उपग्रहामार्फत मदतीचा निरोप पाठवायची सोय आयफोनमध्ये येणार, अशी आवई २०२१ च्या ऑगस्टमध्ये उठली. त्या वर्षी ती आली नाही, पुढच्या वर्षी आयफोन १४ मध्ये आली. ही एक सोय अशी की जिच्यासाठी खानापूरच्या भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांनी पैसे साठवावेत. पावसाळ्यात ओढे भरले, वीज गेली, टॉवर बंद पडला की तिथे आजारी माणसाची खबर चालत जाऊन द्यावी लागते. पण ती सोय सुरू झाली अमेरिका आणि कॅनडात. आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना त्यापायी अडवल्याच्या बातम्या आपण वाचतो. तेव्हा भीमगडच्या वाडीवर उपग्रहाचा निरोप कधी पोचणार, याचा अंदाज ॲपलच्या कारखान्यातून फुटलेल्या फोटोंवरून बांधता येणार नाही. तो दिल्लीतल्या दूरसंचार खात्याच्या परवान्यांवरून बांधावा लागेल. तसा अंदाज बांधणारा एकही मराठी लेख माझ्या वाचनात नाही, आणि आयफोनच्या नारिंगी रंगावर किती वाचले त्याची मोजदाद नाही.

आता पैशांचं. या चर्चेमुळे लोक थांबतात, आणि थांबणं सगळंच वाईट नाही. नवा आला की जुन्याची किंमत उतरते, हे ज्याला आधी कळलं त्याचे चार पैसे वाचले. एवढं श्रेय या भाकितांना द्यायलाच हवं. दुकानदाराला मात्र ते महागात पडतं. १९८३ साली ऑस्बोर्न नावाच्या अमेरिकन कंपनीने पुढच्या कॉम्प्युटरचा गाजावाजा आधीच केला, चालू मॉडेल घेणारे थांबले, आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. कारणं आणखीही होती म्हणतात, पण ऑस्बोर्नचं नाव त्या घटनेला चिकटलं ते चिकटलं.

गेल्या गणपतीच्या सुमारास गणपत गल्लीजवळच्या एका दुकानात मी काच बदलायला बसलो होतो. उद्यमबागच्या फौंड्रीत काम करणारा एक तरुण आला, हातावर अजून काळं. ‘अण्णा, आत्ता घेऊ का थांबू? नवीन येणार म्हणायलेत.’

‘थांब की. खरं, आत्ताचा चालतोय काय?’

‘स्पीकर गेलाय. समोरच्याचं ऐकू येत न्हाई.’

‘मग महिनाभर बायकोसंगट खुणेनं बोलणार काय?’

पोरगा हसला. अण्णांनी फोन उघडला, स्पीकर बदलला, काहीशे रुपयांत काम झालं. दुकानात वर न आलेल्या मॉडेलची कव्हरं लटकत होती, त्यांच्याकडे एकदा बघून तो गेला.

हप्त्याने घेतो म्हणणाऱ्यांचं वेगळं. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये धरली. आयफोन १७ चा सगळ्यात साधा फोन इकडे ८२,९०० रुपयांना निघाला. म्हणजे तेवीस टनांहून जास्त ऊस, तोही तोडणी-वाहतूक वजा न करता. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला पाहिजे, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बिल खरोखर कधी येणार, यावरही चिकोडी-निपाणीकडे अंदाज बांधले जातात. फोन मात्र सप्टेंबरातच येतो, गाळप सुरू व्हायच्या आधी.

आणि एवढे पैसे टाकून जे घेतो ते पेटीत असतंच असं नाही. २०२४ च्या जूनमध्ये ॲपलने जास्त हुशार, आपली माहिती समजून काम करणारी सिरी, म्हणजे आयफोनमधली बोलकी मदतनीस, दाखवली. जाहिराती झाल्या, सप्टेंबरात आयफोन १६ विकला गेला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीने सांगितलं की ते काम लांबणीवर पडलंय. इथे लीक करणारा कोणी नव्हता. खुद्द कंपनीचंच भाकीत, आणि त्यावर लोकांनी रोख मोजले. अफवा पसरवणाऱ्याला आपण निदान अफवाखोर तरी म्हणतो.

मग काय येणार हे कशावरून ओळखायचं? माझ्या मते, कायद्यावरून. आयफोनला टाइप-सी येणार का, यावर वर्षानुवर्षं वाद घातले गेले. युरोपच्या संसदेने ४ ऑक्टोबर २०२२ ला सगळ्या फोनांना एकच चार्जर सक्तीचा करण्यावर शिक्कामोर्तब केलं, मुदत दिली २०२४ च्या अखेरची. २०२३ च्या सप्टेंबरात आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला. कायदा वाचणाऱ्याला कारखान्यातला फोटो बघायची गरजच नव्हती. त्या एका निर्णयाने बेळगावातल्या घराघरातली एक वायर कमी झाली, आणि तो घेतला त्या संसदेने तिकडे स्ट्रासबर्गमध्ये. कोणीतरी मागणी लावून धरली म्हणून फोन बदलला, याचं इतकं धडधडीत उदाहरण दुसरं सापडणार नाही.

यावर कोणी म्हणेल, युरोपची गोष्ट वेगळी, आपलं कोण ऐकतं? २०१६ चा भाषांचा आदेश आपल्याच सरकारचा होता आणि तो कंपन्यांनी ऐकला. शिवाय आता आयफोन कर्नाटकातच जुळवले जातात, कोलारच्या नरसापूरला टाटांकडे आणि देवनहळ्ळीला फॉक्सकॉनकडे. ज्या राज्यात फोन तयार होतो, त्या राज्यातल्या एका जिल्ह्याची दुभाषी गरज त्या राज्याच्या सरकारने कंपनीपुढे मांडली तर त्यात गैर काय? बेंगळुरू ती मराठीसाठी मांडेल अशा भ्रमात मी नाही. पण ती कन्नडसाठी मांडली तरी कन्नडचं दुसऱ्या भाषेत भाषांतर करणारी यंत्रणा सुधारते, आणि काकांचा उतारा वाचला जातो.

तूर्त एक दार उघडं आहे. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, २०२४ मध्ये समिती नेमली आणि २०२५ च्या मेमध्ये त्या समितीने अहवाल दिला. फोन उघडायला किती सोपा, सुटे भाग वेळेत मिळतात का, सॉफ्टवेअरचे अपडेट किती काळ मिळणार, यावर फोनला गुण द्यावेत, असा त्याचा आशय आहे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून काही वर्षं असे दहापैकी गुण लावूनच फोन विकावा लागत होता. आमच्याकडे काही कंपन्यांच्या अधिकृत दुरुस्तीसाठी हुबळी नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं, त्यामुळे हा आकडा इथल्या माणसाला मेगापिक्सेलहून जास्त उपयोगी पडेल. निकष अजून दुरुस्तीपुरतेच आहेत. नेट नसताना हा फोन कोणत्या भारतीय भाषांतून कोणत्या भाषांत भाषांतर करतो, एवढा एक रकाना पेटीवर वाढवून घ्यायचा असेल, तर नियम ठरण्याच्या आधी त्या खात्याकडे लिहून पाठवावं लागेल, मराठीतून आणि कन्नडमधूनही.